आत्ता शक्य नाही

"नंबर कुणाचा टाकू?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं, आणि दिरानं आपला नंबर सांगायला सुरुवातही केली.

"थांबा भाऊजी," घडीवाली म्हणाली. "माझा टाका."

की-बोर्डची टकटक थांबली. काउंटरवरचा माणूस आता आपल्याकडे बघत असणार, मग आपल्या काठीकडे, मग दिराकडे, हे तिला न बघताही कळलं. सगळे याच क्रमानं बघतात.

"वहिनी, आत्ता हट्ट नको," दीर आवाज खाली आणून म्हणाला. "दादा आत बेशुद्ध पडलाय. काही आलं तर ताबडतोब बघायला लागेल. तुम्ही कसं..."

"बघायला नाही, ऐकायला लागेल. ते मी ऐकते. तुम्ही दिवसभर ऑफिसात असणार. इथं बसणार मी. आणि नवरा माझा आहे."

दीर गप्प झाला. त्याचं गप्प होणं म्हणजे मान्य करणं नव्हतं. माणसांसमोर तमाशा नको, एवढंच.

"आता सगळं ॲपवरच असतं बाई," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "द्या फोन, टाकून देतो." तिनं फोन पुढे केला. "अहो, हा तर बंद आहे."

"बंद नाही. पडदा काळा ठेवलाय. उजेडाचं मला काय लोणचं घालायचंय?"

तिनं काचेवर बोट फिरवलं तसा फोन भरभर बोलायला लागला. इतका भरभर, की ऐकणाऱ्याला नुसती कलकल वाटावी.

"हे कुठल्या भाषेत बोलतंय?"

"मराठीतच. तुम्हाला सवय नाही."

"बंद करा जरा. मला काही सुचेना."

तिनं आवाज बंद करून दिला. त्यानं खटाखट काय ते केलं आणि फोन परत तिच्या हातात ठेवला. "झालं. आता तब्येतीचं, तपासण्यांचं, भेटीचं बोलावणं, सगळं यात येईल."

"बोलेल ना पण ते?"

"हो हो. येतं सगळं. पुढचे कोण?"

घडीवाली हे नाव तिला लॉन्ड्रीत पडलं होतं. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडं धुऊन येत आणि घड्या घालायला तिच्यापुढं ढीग लागे. लहानपणी तापात डोळे गेले तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. आता हिचं कसं होणार, म्हणून. पुढे ती एवढी वर्षं रोज सकाळी स्वतःची स्वतः कामावर जात होती, तरी घरच्यांचा हात कपाळावरून निघाला नव्हता.

किल्लीवाला तिला तिथंच भेटला. बाजारातल्या जिन्याखाली त्याची एवढीशी टपरी होती. किल्ल्या पाडून द्यायचा, अडकलेली कुलपं सोडवायचा. लॉन्ड्रीतल्या कपाटाचं कुलूप बिघडलं म्हणून आला आणि मग बिघडलं नसलं तरी यायला लागला. लग्न झालं तेव्हा लोकांनी त्याला देव करून टाकलं आणि तिला ओझं. तो वैतागायचा. "पुण्य कमवायला नाही केलं लग्न," म्हणायचा. "घरात भांडायला कुणीतरी पाहिजे होतं." मूलबाळ झालं नाही. भांडणं मात्र चिक्कार झाली.

तो तिचे डोळे होता असं सगळे म्हणत. डोळे कसले, कंजूष माणूस. बसमध्ये तिनं विचारावं, "काय दिसतंय हो बाहेर?"

"घरं."

"आणि?"

"आणखी घरं."

तिच्या बहिणीचा मेसेज आला की वाचून सांगायचा, "बरी आहे म्हणते." बस. एवढंच. मग अंध मुलींना शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गात घडीवाली जायला लागली आणि बोलणारा फोन वापरायला शिकली. पहिल्या दिवशी घरी येऊन तिनं बहिणीचे जुने मेसेज ऐकले आणि थक्कच झाली. जावयाचं भांडण, गळकं छप्पर, शेजारणीचं पळून जाणं, सगळं सविस्तर लिहिलेलं.

"अहो! एवढं सगळं लिहिते ती, आणि तुम्ही मला नुसतं 'बरी आहे'?"

"त्याला सारांश म्हणतात."

फोनमधला आवाज बाईचा होता. किल्लीवाला त्या बाईला 'तुझी सवत' म्हणायचा. "लोकांच्या घरात नवरे सवत आणतात. आमच्याकडे बायकोनं आणली." चिडवणं होतं, पण त्यात थोडं खरंही होतं. इतकी वर्षं चष्मा लावून वाचून दाखवायचं त्याचं काम गेलं होतं. मग त्यानं उरलेल्या कामाला घट्ट धरलं. मोठा रस्ता तिनं एकटीनं ओलांडायचा नाही. "मी आहे ना? मी नेतो." ती हो म्हणायची आणि तो टपरीवर गेला की खुशाल एकटी ओलांडून यायची. हे त्याला कधी कळलं नाही. ती सांगायची नाही. तेवढं तरी त्याच्याकडे राहू दे, असं तिला वाटायचं.

आणि आता तो टपरीतच कोसळला होता. किल्लीचं यंत्र फिरतच होतं, हा खाली. शेजारच्या घड्याळवाल्यानं उचलून आणला. मेंदूत रक्तस्राव झालाय, म्हणाले. शुद्धीवर कधी येईल, येईल की नाही, काही सांगता येत नाही, म्हणाले.

नातेवाइकांचं दालन तळमजल्यावर होतं. एकमेकींना जखडलेल्या खुर्च्यांच्या रांगा, अंगावर येणारी गार हवा, आणि शांतता. इतकी माणसं बसलेली आणि आवाज नाही, याचा घडीवालीला त्रास व्हायचा. बोलत्या घोळक्यात बसल्यावर कुठून काय ऐकायचं ते तिला कळायचं. इथं काही ऐकूच येत नव्हतं.

"पूर्वी जिन्यावरनं नाव पुकारायचे," फरशी पुसणारी मावशी एकदा तिच्या पायाशी थांबून म्हणाली. "अमक्याचे कोण आहेत, वर या! पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. आता बंद केलं. शांत हॉस्पिटल म्हणून बक्षीस मिळालंय म्हणे. पाय उचला ताई."

सकाळी फोन थरथरायचा. "रुग्णाची प्रकृती स्थिर आहे." संध्याकाळी पुन्हा, तपासणी झाली, औषध बदललं. सवत सगळं नीट सांगत होती. दिराचा फोन आला की घडीवाली त्याला शब्द न् शब्द सांगायची. आपल्या आवाजात थोडा तोरा आलाय, हे तिचं तिलाच ऐकू यायचं. येऊ दे म्हणाली.

मधूनच एखाद्या वेळी मात्र फोन भलतंच बोलायचा. "प्रतिमा. लेबल नसलेले बटण. लेबल नसलेले बटण." चित्रात काय आहे आणि बटणं कशाची, याचा पत्ता नाही. पहिल्यांदा तसं आलं तेव्हा तिनं तेच दोनदा ऐकलं. शेजारच्या खुर्चीवर एक शिक्षिका होती, तिचे वडील वर होते. घडीवालीनं उजेड वाढवून फोन तिच्यापुढं धरला.

"जाहिरात आहे हो," शिक्षिका म्हणाली. "संपूर्ण शरीराची तपासणी, सवलतीत. जोडीनं या, म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. या वेळी शिक्षिका वाचता वाचता अडखळली. "काय आहे?" घडीवालीनं विचारलं.

"डोळ्यांची तपासणी मोफत."

दोघी त्या शांत दालनात इतक्या जोरात हसल्या, की पहारेकरी उठून आला.

मग शिक्षिकेच्या वडिलांना दुसरीकडे हलवलं. जाताना तिनं घडीवालीचा हात दाबला. खुर्ची रिकामी झाली.

त्याच दुपारी फोन थरथरला. "प्रतिमा. लेबल नसलेले बटण. लेबल नसलेले बटण."

तिनं बोट खालीवर सरकवून पाहिलं. कधी कधी कोपऱ्यात एखादा शब्द लपलेला असतो. नव्हता. चित्रातली अक्षरं वाचून दाखवणारी एक सोय तिच्या फोनवर होती, तीही वापरायला गेली. "सुरक्षेच्या कारणास्तव या पडद्याचे छायाचित्र घेता येणार नाही," फोननं सांगितलं. कुणापासून सुरक्षा, देव जाणे.

"जरा बघता का हो, काय आलंय?" तिनं पलीकडच्या खुर्चीला विचारलं. तिथं माणूस होता, श्वास ऐकू येत होता. पण त्याच्या कानात काहीतरी वाजत होतं. तो हलला नाही. दिराला फोन लावला. त्यानं कापला. मीटिंगमध्ये असणार.

ती काठी घेऊन काउंटरपाशी गेली. आज तिथं बाई होती.

"मॅडम, माझ्या फोनवर काहीतरी आलंय..."

"रांगेत या ताई. दिसत नाही का, केवढी..." बाई थांबली. "सॉरी. पण ही घरी जाणाऱ्यांची रांग आहे. तुमचं काय असेल ते ॲपवर येतं."

"ॲपवरच आलंय. ते बोलत नाहीये. वाचून सांगता का तेवढं?"

"मग जाहिरात असेल. दिवसभर येतात. या माणसांचं होऊ दे, मग या."

मागून कुणीतरी चुकचुकलं. कुणीतरी खांद्याला धरून तिला बाजूला केलं. हळूच, अगदी प्रेमानं, एखादी कुंडी बाजूला सारावी तसं. ती खुर्चीवर परत आली. फोन पुन्हा थरथरला. पुन्हा तेच.

ती विचार करू लागली. जाहिरात असली तर दोनपैकी एक बटण ती बंद करायचं असणार. जाहिरात नसली तर? तर काहीतरी विचारत असणार, आणि न दाबणं म्हणजे उत्तरच न देणं. पहिलं की दुसरं? बोट दुसऱ्यावर होतं. ते दाबायला तिनं दोनदा टकटक केली.

"धन्यवाद," फोन म्हणाला.

त्यानंतर तो गप्प झाला. तिनं वाट पाहिली. काही आलं नाही, तसा तिचा जीव थोडा भांड्यात पडला. जाहिरातच होती म्हणायची.

संध्याकाळी दीर आला तो घाम पुसत. "फोन का केला होतात? काही आलं का?"

"काही नाही. एक जाहिरात होती वाटतं. बघा बरं."

तिनं फोन दिला. दिरानं उजेड वाढवला. त्याचं बोट काचेवर वरखाली घासत राहिलं.

"काय भाऊजी?"

"'तुमचा रुग्ण शुद्धीवर आला आहे,'" दीर वाचू लागला. त्याचा आवाज ऑफिसातल्यासारखा सपाट झाला होता. "'तो आपल्याला भेटू इच्छितो. आपण आत्ता वर येऊ शकता का?' खाली दोन बटणं आहेत. 'येतो.' आणि 'आत्ता शक्य नाही.'" तो थांबला. "त्याखाली लिहिलंय, 'आपण कळवले: आत्ता शक्य नाही.' वहिनी... तुम्ही नाही म्हणालात?"

ती उठली. काठी खुर्चीखाली राहिली. जिना कुठे आहे ते तिला पाठ होतं, ती तशीच भिंत धरून चढली. दीर मागून धावत आला, सांभाळा, सांभाळा म्हणत. वरच्या दारात त्यांना थांबवलं. पुन्हा रक्तस्राव झाला होता. आत गडबड होती, पावलं, चाकं, कुणीतरी भराभरा आकडे सांगतंय. बाहेर थांबा, म्हणाले.

थांबले. उजाडताना दार उघडलं आणि डॉक्टर दिराशी बोलले. तिच्याशी नाही. नंबर तिचा होता, तरी.

पुढचे दिवस ती दिराच्या घरी होती. माणसं येत, तिच्या पाठीवरून हात फिरवत आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बोलत. आंधळ्यांसमोर हळू बोललं की त्यांना ऐकू येत नाही, असं पुष्कळांना वाटतं.

"शुद्धीवर आला होता म्हणे. हिनं नको म्हणून दाबलं."

"अगं, दिसत नाही ना बिचारीला. चुकून."

"पण मग नंबर द्यायचा कशाला हट्टानं?"

शेवटचं वाक्य जावेचं होतं. घडीवालीला तिचा रागही आला नाही. हेच वाक्य तिनं स्वतःला त्याच्याआधी कितीतरी वेळा ऐकवून झालं होतं.

एका सकाळी दीर तिच्यासमोर येऊन बसला. तो वाईट माणूस नव्हता. भावासाठी तो आतल्या आत रडत होता आणि रडण्याला कुठेतरी टेकायला जागा हवी होती.

"वहिनी, मी काही बोलणार नाही. बोलून दादा परत येणार नाही. पण यापुढे सगळीकडे माझा नंबर देऊ. बँक, गॅस, डॉक्टर, सगळं. आणि तो फोन... राहू दे इथंच. चुकून पुन्हा काही दाबलं जाईल."

"चुकून नव्हतं ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चूक करायला आधी दिसावं लागतं भाऊजी, बरोबर कुठलं आणि चूक कुठलं. मला दोन्ही सारखीच होती. मी एक दाबलं."

"तेच म्हणतोय मी."

"नाही. तुम्ही ते म्हणत नाही आहात."

तिनं पिशवी भरली. जाऊ म्हणाली, आठवडाभर तरी राहा. दीर म्हणाला, सोडायला येतो. ती एकटीच निघाली, आणि घरी न जाता आधी हॉस्पिटलात गेली.

त्या दुपारी वर ज्या सिस्टर होत्या त्या तिला पाळी बदलताना जिन्यात भेटल्या. आवाज तरुण होता, आणि दमलेला.

"मी किल्लीवाल्यांची बायको. कोपऱ्यातल्या खाटेवर होते. मला फक्त ते काय म्हणाले ते सांगा."

सिस्टर गोंधळल्या. "ताई, माझ्याकडे तेव्हा आठ खाटा होत्या. मी लगेच बोलावणं पाठवलं होतं, आठवणही पाठवली..."

"माहीत आहे. तुमची तक्रार नाही करत मी. काय म्हणाले?"

"पाणी मागितलं. मग तुम्हाला विचारलं. म्हणाले, तिला बोलवा. मी म्हटलं, निरोप गेलाय काका, येतीलच." सिस्टर जिन्याच्या कठड्याला टेकल्या, कठडा किंचित करकरला. "थोड्या वेळानं परत विचारलं. मी पडद्यावर पाहिलं तर 'आत्ता शक्य नाही' आलं होतं. तसं सांगितलं त्यांना. मला काय माहीत ताई, तुम्ही खालीच..."

"मग?"

"मग म्हणाले, 'बरोबर आहे. तिला कोण आणणार? एवढा मोठा रस्ता तिला एकटीला कुठला ओलांडता येतोय.' असं दोनदा म्हणाले. मग डोळे मिटून पडून राहिले."

घडीवालीनं मान हलवली. "बरं केलंत सांगितलंत."

सिस्टर रडत होत्या. तिनं त्यांच्या दंडावर थोपटलं आणि तशीच वरच्या मजल्यावर व्यवस्थापकांकडे गेली. ॲपवरून तक्रार करायचा प्रयत्न तिनं दिराच्या घरीच केला होता. तिथं आधी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला चित्रांतले पूल ओळखायला सांगत होते.

व्यवस्थापकांचा आवाज साय आल्यासारखा होता. त्यांनी पाणी दिलं, दुःख व्यक्त केलं. "पण नोंदीत नकार आपल्याकडूनच आलेला दिसतो," असंही म्हणाले. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि ते बोलावणं पुन्हा ऐकवलं. प्रतिमा. लेबल नसलेले बटण. लेबल नसलेले बटण. त्यांनी दोनदा घसा खाकरला. मग म्हणाले, ॲप बनवणाऱ्यांशी आपली गाठ घालून देतो. आपल्यासारख्यांच्या सूचना आम्हाला मोलाच्या आहेत.

आपल्यासारखे म्हणजे कोण, हे तिनं विचारलं नाही.

गाठ पडायला बरेच दिवस गेले. तोवर ती कामावर परत गेली होती, मोठा रस्ता दोन वेळा ओलांडत होती आणि रोज रस्त्याच्या मधोमध पोचली की तिला सिस्टरचं ते वाक्य ऐकू यायचं. शेवटी बोलावणं आलं. थंड खोली, गोल टेबल. ॲप बनवणारी एक मुलगी आणि तिचे साहेब. घडीवालीनं एकेक पडदा उघडायचा आणि फोन काय बोलतो ते त्यांनी ऐकायचं.

"ताई, आवाजाचा वेग जरा कमी करता? आम्हाला कळत नाहीये."

तिनं कमी केला. इतक्या सावकाश बोलणारी सवत तिला अनोळखी वाटली. मुलगी मन लावून ऐकत होती. "अरे देवा, हेही बोलत नाही... हेही नाही..." पुटपुटत होती. बोलावण्याचा पडदा आला तेव्हा घडीवालीनं हात टेबलावरून खाली घेतले. "हा तुम्ही चालवा," म्हणाली.

"ही कार्डं आम्ही चित्र म्हणूनच टाकली होती," मुलगी म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "सगळ्या फोनांवर एकसारखी सुंदर दिसावीत म्हणून. दुरुस्त करायला फार वेळ नाही लागत. एका ओळीचं काम असतं."

"एका ओळीचं?"

"हो."

साहेबांनी खुर्ची सरकवली. मग मुलगीच म्हणाली, "ताई, या बटणानं काय बोलावं? तुम्ही सांगा. तुमच्या शब्दांत ठेवू."

घडीवालीनं विचार केला. "म्हणावं, तुमचं माणूस जागं आहे, तुम्हाला विचारतंय, लवकर या."

मुलीनं टाइप केलं. साहेब खाकरले. "जरा लांब होतंय. बटण छोटं असतं ना. 'होकार' ठेवू या. आणि दुसऱ्याला 'नकार'. सुटसुटीत."

"ठेवा," घडीवाली म्हणाली.

निघताना त्यांना तिच्यासोबत फोटो काढायचा होता. ती नको म्हणाली. मुलगी लिफ्टपर्यंत आली आणि तिच्यासाठी बटण दाबून परत गेली.

खाली दालनात तीच शांतता होती. ती दाराकडे जायला निघाली आणि कुणीतरी तिच्या बाहीला धरलं. हात म्हाताऱ्या माणसाचा होता, खरखरीत.

"बाई, जरा एवढं वाचता का? मुलानं फोन देऊन ठेवलाय, मला अक्षरओळख नाही. आत्ताच काहीतरी वाजलं."

त्यानं फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला असावा. त्याला तिची काठी दिसली नव्हती, किंवा दिसूनही सुचलं नव्हतं.

"कोण आहे वर तुमचं?"

"बायको."

तिनं त्याचं कोपर धरलं. तो तिला नेतोय की ती त्याला, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. रांगेला वळसा घालून ती थेट काउंटरपाशी गेली.

"यांच्या फोनवर आलंय ते वाचा," ती म्हणाली.

"मॅडम, रांग..."

"आत्ता वाचा. मोठ्यानं."

तिचा आवाज त्या दालनात घुमला. काउंटरवरच्या माणसानं फोन घेतला, थोडा वेळ बघत राहिला आणि वाचू लागला.

"'आमच्या रुग्णालयातील आपला अनुभव कसा वाटला? एक ते पाच तारे देऊन आम्हाला कळवा.'"

तो थांबला.

म्हातारा पुढे झुकला. "म्हणजे बरी आहे का ती?" त्यानं विचारलं.

काउंटरवरच्या माणसानं फोन परत पुढे सरकवला. घडीवालीनं म्हाताऱ्याचं कोपर सोडलं नाही. "थांबा," ती त्याला म्हणाली, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही म्हणून काउंटरच्या दिशेनं तोंड करून तशीच उभी राहिली.